कोरडी फरशी

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र उशिरा लिहितोय हे मी कबूल करायच्या आधीच तुझं म्हणून झालं असेल. बसडेपोत एकतीस वर्षं गाड्यांच्या वेळा टिपलेल्या बाईला चार-सहा महिन्यांचा उशीर म्हणजे काय वाटत असेल, याची मला कल्पना आहे. कारणं तीन. पहिलं आळस, त्याबद्दल जास्त बोलायला नको. दुसरं म्हणजे मी एका जागी नव्हतो. तिसरं खरं आहे. तू घरात घसरून पडलीस, मनगट मोडलं, हा ताईचा निरोप मला मिळाला तेव्हा मी एका तंबूवाल्याकडे दोऱ्या ताणत होतो. तेव्हाच उठून यायला हवं होतं. आलो नाही. आलो नाही म्हणून लिहायला तोंड राहिलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणून मग यायलाही तोंड राहिलं नाही. आज उद्या करत इथवर आलोय. फोन का केला नाही असं विचारू नकोस. फोनवर तू दीड मिनिटात ठेवू का म्हणतेस, जणू मागे गाडी सुटायची उभी आहे.

तर सध्या मी एसीच्या कामात आहे. मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. उन्हाळा डोक्यावर यायच्या आधीचे हे दोन महिने आमची धावपळ. शिडी माझ्या खांद्यावर, हत्यारांची पिशवी उस्तादांच्या. ते मशीन उघडायच्या आधी त्याला कान लावतात, डॉक्टर छातीला लावतात तसा, आणि मग घरमालकाकडे असं बघतात की त्याला आपोआप सगळं कबूल करावंसं वाटतं. मागच्याच महिन्यात जाळी धुतली म्हणून छातीठोक सांगणाऱ्या माणसाच्या जाळीतून परवा गोधडीएवढी धूळ निघाली. एका घरात पोपट आहे. तो रिमोटचा आवाज हुबेहूब काढतो, त्यामुळे त्या घरात एसी चालू झाला की बंद झाला हे कुणालाच नक्की कळत नाही. आजोबा रिमोट दाबतात, पोपट ओरडतो, आजी पुन्हा दाबते. उस्तादांनी तासभर मशीन तपासलं आणि शेवटी पोपटाला दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितलं.

हां, मुद्दा. तुझा एसीही आत्ताच तयार करून ठेव, मे महिन्यात मिस्त्री देवालाही सापडत नाही. आधी मेन स्विच बंद. मग पुढचं झाकण वर उचल, आतल्या दोन जाळ्या सरकवून काढ, नळाखाली उलट्या बाजूने धू आणि सावलीत वाळव, उन्हात वाकड्या होतात. बाहेरच्या युनिटच्या पाठीवरच्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या जुन्या टूथब्रशने वरून खाली, आडवं घासायचं नाही. पानं, घरटं, चिमटे, काय असेल ते काढ. आणखी एक काहीतरी उस्ताद पहिल्यांदा बघतात, ते लिहिणार होतो, पण पोपटामुळे विसरलो. आठवलं की कळवतो.

तलावावर जातेस ना अजून? पासष्टाव्या वर्षी पाण्यावर उताणं पडायला शिकलीस हे मी इथे सगळ्यांना सांगतो. तुझ्याबरोबर पोहणाऱ्या त्या मैत्रिणींच्या बदक-मंडळाला माझा नमस्कार सांग.

लोभ आहे तेवढा राहू दे, जमल्यास राग थोडा कमी कर.

तुझा
भिंगरी

---

१८ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चार-सहा महिने नव्हेत, मी पाच मेला पडले, म्हणजे नऊ महिने चार दिवस. पण आलं. उशिरा आलेल्या गाडीवर मी कधी ओरडले नाही, न आलेल्या गाडीची मात्र काळजी करायचे. तुझी काळजी होती. तंबूवाल्याकडे जेवण बरं होतं का, ते लिहिलं नाहीस.

मनगट जुळलं आहे. थोडं वाकडं जुळलं, त्यामुळे आता घड्याळ उजव्या हातात घालते. तलावावर जात नाही. ताईने बंद करायला लावलं. बदकं घरी येतात, चहा पितात आणि मला कोरडीच ठेवून परत जातात. नर्सबाई रोज पोहून आल्यावर ओले केस घेऊन माझ्यासमोर बसतात, ते मला बघवत नाही. शिंपीणबाईंनी माझा पोहायचा पोशाख उसवून पुन्हा शिवला, दोन बोटं सैल केला. कशाला केला म्हटलं तर म्हणाल्या की हात रिकामे होते.

आता एसीचं. तू एवढं मन लावून लिहिलंस, पण त्याचा उपयोग नाही रे. एकतीस मार्चला ताई ट्रक घेऊन येणार आहे. हे घर बंद करायचं आणि मी लेकीकडे राहायला जायचं, असं ठरलं. तुला ताईने फक्त पडले एवढंच कळवलं असेल, म्हणून सगळं लिहिते.

त्या दिवशी दुपारी जेवून एसी लावून आडवी झाले होते. पावणेतीनला उठले, कपाटाजवळ पाय पडला आणि गेले. फरशी ओली होती. पाच वाजता नर्सबाई आल्या तोवर तिथेच होते. त्यांनी मला उचललं, पाणी पुसलं, सगळं केलं. दुसऱ्या दिवशी ताई आली आणि तिने विचारलं की पाणी कुठून आलं. मला सांगता येईना. कपाटाशेजारी स्टुलावर पाण्याचा जग असतो, तो मीच लवंडला असणार. पण जग तर भरलेला होता. मग भरताना सांडलं असेल. त्याआधीही एप्रिलमध्ये तीनदा तिथे पाणी दिसलं होतं, आणि तिन्ही वेळा कधी सांडलं ते मला आठवत नव्हतं. हे मी ताईला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

त्यानंतर दुपारचं आडवं होणं सोडलं, एसीही लावला नाही, माझंच माझ्यावर लक्ष. एकदा दूध उतू गेलं. एकदा किल्ली सापडेना, ती पर्समध्येच होती. तुझा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक मोजा इथे राहिला आहे, मी पडले त्याआधीच्या थंडीत तू राहून गेलास तेव्हाचा. त्याची जोडी घरभर शोधली, सापडली नाही. तोही मीच कुठे ठेवला असेन. माझी रोजची नोंदवही पाच मेपासून कोरी आहे. आपल्याच नोंदीवर आपला भरवसा नसेल तर लिहायचं कशाला.

ताईला वाईट समजू नकोस. ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. मी हो म्हटलं. आपल्या हाताने पाणी सांडल्याचं ज्या बाईला आठवत नाही, तिने हट्ट धरायचा तो कशाच्या जोरावर. तिच्याकडे मोठी गॅलरी आहे. मला तिथे बसता येईल, असं ती म्हणते. बसून काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

मोजा पाठवू का? एकच आहे.

लोभ आहे, आणि नऊ महिने तो वापरला गेला नव्हता, त्यामुळे शिल्लक बराच आहे.

तुझी
आत्या

---

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं आणि मी आजच उत्तर लिहितोय, वरची तारीख बघ. हे इतकं तातडीचं आहे की मी मध्येच दुसरीकडे जाणार नाही, असं ठरवून बसलोय.

पत्र मी शिडीवर बसून वाचलं. आम्ही एका दातांच्या दवाखान्यात होतो. तिथे भिंतीवर एसी, खाली पुस्तकांचं कपाट, आणि कपाटाखालून रोज दुपारी पाणी. डॉक्टर महिनाभर त्यांच्या मदतनीस मुलीवर संशय घेत होते की ती फरशी नीट पुसत नाही. ती बिचारी दिवसातून चारदा पुसायची, आणि त्यामुळे अजूनच बोलणी खायची, की बघा, ही ओली ठेवते. (तिने उस्तादांना बाजूला घेऊन सांगितलं की आता ती नोकरी सोडून केस कापायला शिकणार आहे. चांगलं आहे ते काम, मी केलंय पंधरा दिवस. नाही, हे नंतर.)

उस्तादांनी मला विचारलं की मशीन खोली गार करतं तेव्हा हवेतलं पाणी कुठे जातं. मी म्हटलं बाहेर. कुठून बाहेर? पाइपातून. मग तो पाइप बंद असला तर? मग त्यांनी सांगितलं. मशीनच्या पोटात एक लांबट तबक असतं, थेंब थेंब पाणी तिथे जमतं आणि पाइपातून बाहेर पडतं. पाइप तुंबला की तबक भरत जातं. लगेच नाही, दोन-तीन तास लागतात. मग ते मागच्या बाजूने भिंतीवरून उतरतं. खाली कपाट असलं की कपाटामागून जातं आणि फरशीवर येतं. वरून गळताना कुणाला दिसत नाही. एसी बंद केला की गळणं थांबतं, भिंत वाळते, आणि माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून उस्ताद आधी तो पाइप बघतात. हीच गोष्ट मी तुला लिहायला विसरलो होतो. दवाखान्याच्या पाइपात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. काडीने ढोसलं, बादलीभर काळं पाणी आलं.

मग मी तुझ्या पत्राचं दुसरं पान उलटलं आणि मोज्यापाशी आलो.

आत्या, तो मोजा तू हरवला नाहीस. आठव, मी तुझ्याकडे राहत होतो तेव्हा एसीच्या तोंडातून पाल निघाली होती, आणि तू दोन दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतंस. मी शोध लावला की ती बाहेरच्या पाइपातून चढत असणार. तुला न सांगता बाल्कनीत गेलो, वेलाच्या डब्यामागे तो पाइप लोंबतो ना, त्याच्या तोंडात माझ्या मोज्याचा पुढचा भाग पेन्सिलीने कोंबला, उरलेला टोपीसारखा वरून ओढला आणि विजेची काळी चिकटपट्टी गच्च गुंडाळली. फार हुशारीचं काम वाटलं होतं. उन्हाळ्याआधी काढायचं हेही माहीत होतं, खरंच माहीत होतं. चार दिवसांनी मला त्या होडीवाल्याकडे काम मिळालं आणि मी निघालो. तुला सांगायचं राहिलं. मग मीही विसरलो.

तू काही विसरलेली नाहीस. जग लवंडला नव्हता. एप्रिलमध्ये तीनदा नाही, एकदाही तू पाणी सांडलं नाहीस. जे तुला आठवत नव्हतं ते झालंच नव्हतं.

उस्तादांनी विचारलं की चक्कर येतेय का, मी शिडीवर बसूनच होतो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पिशवीतल्या वहीतून हा कागद फाडून दिला आणि म्हणाले की आधी लिही, मग वरचा स्क्रू लाव.

बाल्कनीत जा आणि बघ. स्टुलावर तू स्वतः चढू नकोस, बदकांपैकी कुणालातरी चढव.

राग जितका असेल तितका ठेव, लोभ उरेल तेवढा दे.

तुझा
भिंगरी

---

५ मार्च, सकाळी ९.१५

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र २७ तारखेला ११.२० ला आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग नर्सबाईंना फोन केला. दीड मिनिट लागलं नाही. ११.४५ ला त्या आणि शिंपीणबाई दारात होत्या, एकीच्या हातात बँडेज कापायची कात्री आणि दुसरीच्या हातात कापड कापायची. कुणाची कात्री चालवायची यावर थोडा वेळ गेला.

वेलाचा डबा सरकवला. पाइपाचं तोंड काळं, जाड, एखाद्या दुखऱ्या बोटासारखं. नर्सबाई स्टुलावर चढल्या, शिंपीणबाईंनी स्टूल धरलं, मी खालून वेळ सांगत होते, त्याची गरज नव्हती पण सवय. पट्टी कापल्यावर आधी एक काळी गुठळी पडली आणि तिच्यामागून तुझा मोजा. धुतल्यावर लाल-पांढरे पट्टे दिसले. मी खणातून दुसरा आणला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग खुर्चीत बसले. नर्सबाईंनी माझी नाडी बघितली. त्यांचं म्हणणं आहे की मी रडले. ती नोंद त्यांची, माझी नाही.

तुझ्यावर चिडायचं राहून गेलं, बघ. दोन दिवस आठवणीने चिडायचा प्रयत्न केला. पण सकाळी जाग आली की आधी मला एकच गोष्ट सुचते, की डोकं जागेवर आहे. मनगट काय, आहे वाकडं. नऊ महिने मी रोज रात्री दोनदा गॅस तपासत होते, बेटा. आता एकदा तपासते.

मग तुझं पहिलं पत्र काढलं आणि पोपट वगळून त्याबरहुकूम काम केलं. मेन स्विच बंद, जाळ्या धुतल्या, सावलीत वाळवल्या. बाहेरच्या युनिटच्या पट्ट्या टूथब्रशने घासल्या, मागून सात चिमटे आणि शिंपीणबाईंची दोन वर्षांपूर्वी उडालेली ओढणी निघाली. झाकण काढून तबकात मगभर पाणी हळूहळू ओतलं. चाळीस सेकंदांत ते बाल्कनीतून वेलाच्या मुळाशी. आम्ही तिघींनी ते आणखी दोनदा करून बघितलं, गंमत म्हणून.

तुझं दुसरं पत्र मी तलावाच्या फाटकापाशी बदकांना वाचून दाखवलं. पाण्याचं ऐकून एकेकीला आपापल्या घरची ओली भिंत आठवली. आता सकाळी पोहणं झालं की आमची फेरी निघते. एक शिडी, तीन टूथब्रश, दोन कात्र्या. आतापर्यंत चार घरं झाली. एका घरात सूनबाई सासूवर नाराज होत्या, तिथेही पाइपच निघाला. आम्ही निघताना दोघी एका सोफ्यावर बसल्या होत्या, म्हणजे सुरुवात आहे. हो, सकाळी पोहणं झालं की असंच लिहिलं आहे. डॉक्टरांना विचारून काल पाण्यात उतरले. पोशाख सैल झालाय, पण शिंपीणबाईंना सांगितलं नाही.

ताईला सगळं लिहिलं. उत्तर नाही. ट्रक एकतीसला ठरलेलाच आहे. या वेळी मी हट्ट धरणार आहे, पण तिने माझं खरं मानलं तर. नाही मानलं तर तो हट्ट म्हाताऱ्या बाईचा, त्याला कोण विचारतं.

नोंदवही पुन्हा सुरू केली.

लोभ असावा, आणि तो कुठे तुंबू देऊ नकोस.

तुझी
आत्या

---

१० मार्च

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

तुझा फोन बंद आहे, म्हणून लिहिते. आईचं पत्र मिळालं. दोन्ही मोज्यांचा फोटोही मिळाला, नर्सबाईंनी काढलेला.

मला हे पटलेलं नाही, आणि का ते स्पष्ट सांगते. तू आठ वर्षांचा असताना आईने रिकामी डबी समजून माझी कंपासपेटी कुणालातरी देऊन टाकली होती, तेव्हा ती मीच हरवली असं तू सगळ्यांना सांगितलंस आणि वर्गात शिक्षा मला झाली. तिच्यासाठी खोटं बोलायला तुला कधी जड गेलं नाही. आता तिला घर सोडायचं नाही आणि तुला वाईट वाटतंय, आणि नेमका आत्ता मोजा सापडतो. शाळेत रोज मी असे मोजे बघते. मुख्याध्यापिकेच्या खोलीत प्रत्येकाकडे काही ना काही पुरावा असतो.

तू तिथे नव्हतास. नर्सबाईंचा फोन आला तेव्हा मी शाळेत निकालाच्या कामात होते, दुसऱ्या दिवशी पहाटे निघता आलं. चार तासांचा रस्ता. मी पोचले तर ती हाताला प्लास्टर घालून बसली होती, आणि तिने मला पहिली गोष्ट विचारली ती ही, की फरशी आता कोरडी आहे का, कारण तिला स्वतःला खात्री नव्हती. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तरी सांगणारी माझी आई. त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट मला विचारून करायला लागली. दूध तापवू का, असं. ते मला सहन होत नाही, भिंगरी. आणि पाचला कुणी आलंच नसतं तर, हा प्रश्न मी रोज झोपायच्या आधी स्वतःला विचारते.

मोजा खरा असेल तर माझ्याइतकं सुख कुणाला होणार नाही. पण सुख होईल म्हणून मी ते खरं मानू शकत नाही. परीक्षा संपेपर्यंत मला हलता येणार नाही. एकतीसला ट्रक येईल.

तब्येत सांभाळ, शिडीवर जपून. लोभ आहे, तो तपासून बघायची गरज नाही.

तुझी
ताई

---

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी आत्याच्या घरातून लिहितोय. उस्तादांनी दहा दिवस सोडलं, तेही ऐन हंगामात, फक्त एवढंच म्हणाले की जे तुंबवलंस ते मोकळं करून ये. तीन दिवस झाले येऊन. आत्याने दार उघडलं, घड्याळ बघितलं आणि पानं वाढायला गेली.

कंपासपेटीचं तू लिहिलंस ते खरं आहे. मी तेव्हा खोटं बोललो होतो, आणि त्याची शिक्षा तुला झाली होती, हे मला माहीत नव्हतं. त्यामुळे आता माझ्या शब्दावर काही मानू नकोस. मी काय केलं ते लिहितो, तू तुझं ठरव.

काल मी तोच मोजा तसाच पुन्हा कोंबला. पेन्सिलीने, वरून टोपी, काळी पट्टी. आत्याने मनाई केली, मग म्हणाली की करायचंच तर नीट कर. कपाट जागेवर, जग स्टुलावर काठोकाठ भरलेला, त्याभोवती नर्सबाईंनी खडूने रेघ मारली. खिडक्या बंद, उन्हाळा इथे आधीच सुरू झालाय. बारा वाजता एसी लावला आणि आम्ही चौघं पलंगावर रांगेत बसलो, सिनेमाला बसल्यासारखे. शिंपीणबाईंनी शिवण आणलं होतं. एक वाजला, दोन वाजले. काहीच नाही. खरं सांगतो, ताई. मला वाटलं की मोजा माझा असेल, पण पाणी कदाचित माझं नसेल. आत्याने मांडीवर हात ठेवले होते, वाकड्या मनगटावर सरळ हात.

दोन वाजून एकतीस मिनिटांनी कपाटाखालून एक रेघ आली. बोटाएवढी. मग ती रुंद झाली. पावणेतीनला ताटाएवढं पाणी होतं, बरोबर तिथे जिथे पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल पडतं. जग काठोकाठ होता. खडूची रेघ कोरडी होती, पाणी तिच्यापर्यंत आलंच नव्हतं.

मग आत्या उठली, पाणी ओलांडून गेली आणि मागच्या वर्षीची नोंदवही घेऊन आली. पाच मेचं पान उघडलं. त्यावर एकच ओळ आहे, एसी लावला, १२.०५. पुढची सगळी पानं कोरी. ती ओळ तिने लिहिली होती आणि नंतर कधी उघडून बघितली नव्हती, कारण स्वतःच्या अक्षरावर तिचा विश्वास उडाला होता. पाच मेला १२.०५ ला लावला, पावणेतीनला ती पडली. काल बाराला लावला, पावणेतीनला पाणी. तिने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, जसे मोजे ठेवले होते तसे.

संध्याकाळी मोजा काढून टाकला. पाइपाला आता बारीक जाळीची टोपी बसवली आहे, पाणी जातं, पाल येत नाही. आज बारापासून पुन्हा एसी लावून ठेवलाय, पाइप मोकळा, तेही बघायला हवं ना.

पाचला कुणी आलं नसतं तर, हा तुझा प्रश्न मी टाळत नाही. ती पडली ती माझ्यामुळे, आणि दोन तास पंधरा मिनिटं पडून राहिली तीही माझ्यामुळे. हे मी तुला लिहून देतो. बदकांनी एवढं केलं आहे की घराची एक किल्ली नर्सबाईंकडे, आणि सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच अशी रोज एकीची फेरी, सगळ्या एकट्या राहणाऱ्यांच्या घरी. वेळापत्रक आत्याने केलंय, डेपोतल्यासारखं, खाली टीप आहे की उशीर झाल्यास कळवावे. पलंगाजवळ खरखरीत पायपुसणं टाकलंय. याने तुझी झोप पुरी होईल असं नाही, पण थोडी

मध्येच थांबलो होतो, दार वाजलं. मला वाटलं पाचची फेरी लवकर आली. आत्या उघडायला गेली आणि मी टेबलावरूनच डोकावलो.

आता तुला कुणीतरी आल्याची बातमी लिहायची म्हणजे पंचाईत आहे, ताई, कारण आलीस ती तूच. परीक्षा चालू असताना. खांद्यावर एक लहान पिशवी, ट्रक नाही. मला तू अजून बघितलेलं नाहीस, मी टेबलाशी लिहीत बसलोय. तू सरळ आतल्या खोलीत गेलीस, कपाटापाशी गुडघ्यांवर बसलीस आणि कपाटाखाली हात घातलास. एसी चार तास चालू आहे. तू तळहात बाहेर काढून बघितलास, मग पुन्हा घातलास, पार भिंतीपर्यंत. आत्या दारात उभी होती. दूध तापवू का, असं तिने विचारलं नाही. ती गेली आणि दूध तापायला ठेवलं.

तू अजून खालीच बसलीयेस, पाठ कपाटाला टेकून. फरशीवर तुझा हात तसाच आहे. आत्याने वहीत लिहिलं, ताई आली, ४.१०.

तर हे पत्र टपालात टाकत नाही, उठून तुझ्या हातात देतो. लोभ आहे तो इथेच, दोन हातांवर. मी एक तारखेला उस्तादांकडे परत जातोय. मोजे आत्याने धुऊन घडी घातलेत, पण मला एकच देणार म्हणते. दुसरा न्यायला कधी यायचं ती तारीख तिने आजच लिहून ठेवली आहे.

तुझा
भिंगरी